पितळी राखेतून जस्त आणि तांबे काढताना उतारा ७१ टक्क्यांवर का अडतो?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात मकरपुऱ्याला छोटा कारखाना. फाउंड्रीतून आलेली पितळी राख दळून एक-एक टनाच्या बॅचमध्ये सल्फ्युरिक अ‍ॅसिडने लीच करतात, म्हणजे धातू विरघळवून काढतात, आणि झिंक सल्फेटचे खडे पाडतात. राखेचा रिपोर्ट: जस्त ४६ टक्के, तांबे ७, लोह २.५, शिसे १.८, अ‍ॅल्युमिनियम १.५, क्लोराइड १.२. बॅचला ९८ टक्क्यांचे ११०० किलो अ‍ॅसिड, चार हजार लिटर पाणी, शेवटी चुन्याने पीएच ५. अडचणी तीन: फिल्टर प्रेस (दाबाने कापडातून गाळणारे यंत्र) तुंबतो, जस्ताचा उतारा, म्हणजे राखेतल्या जस्तापैकी हाती येणारा भाग, ७१ टक्क्यांवरच अडतो, आणि खतासाठी विकायचा माल पिवळसर पडून शिसे-कॅडमियममध्ये नापास होतो.

या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. तुम्ही आधी सगळे विरघळवता आणि मग नको ते बाहेर काढत बसता. लीचिंगमध्ये काय विरघळू द्यायचे नाही हे आधी ठरवावे लागते.

आधी अ‍ॅसिडचा हिशेब करू. एक किलो जस्ताला १.५ किलो शुद्ध अ‍ॅसिड लागते, म्हणजे ४६० किलो जस्ताला ६९० किलो. तांबे सगळे ऑक्साइड आहे असे धरले तरी ७० किलोला १०८ किलो. लोहाला ४४, शिशाला आठ-नऊ. सगळे मिळून ८५० किलो, ९८ टक्क्यांच्या मापात साधारण ८७०. हीसुद्धा वरची मर्यादा झाली, कारण तांब्याचा बराच भाग धातूच्या रूपात असतो आणि तो हवा किंवा पेरॉक्साइड नसेल तर पातळ सल्फ्युरिकमध्ये विरघळत नाही. तुम्ही ११०० किलो घालता, म्हणजे जवळजवळ २३० किलो शुद्ध अ‍ॅसिड जादा पडते. त्या जादा अ‍ॅसिडने लोह, अ‍ॅल्युमिना आणि सिलिका विरघळतात, आणि मग ते मारायला चुना पडतो. २३० किलो अ‍ॅसिड चुन्याने मारले की ४०० किलोच्या वर जिप्सम तयार होते. ते बारीक असते आणि पाणी धरून ठेवते. ४५ टक्के ओलावा धरला तर त्या जिप्सममध्ये तीनशे लिटर द्रावण अडकते. लिटरला १०५ ते ११० ग्रॅम जस्त असेल तर तेहेतीस किलो जस्त तुम्ही गाळाबरोबर गोणीत भरता, आणि वर त्याच्या विल्हेवाटीचे पैसे भरता. प्रेस तुंबण्याचे पहिले कारणही हेच जिप्सम.

उरलेला तोटा कुठे जातो तेही मांडून पाहा. ७१ टक्के उतारा म्हणजे १३३ किलो जस्त गायब आहे. बरेच जण अशा वेळी झिंक फेराइटला (लोह आणि जस्ताच्या संयुक्त ऑक्साइडला) दोष देतात. ते पातळ अ‍ॅसिडला दाद देत नाही हे खरे, पण २५ किलो लोह जास्तीत जास्त १५ किलो जस्त अडकवू शकते. अ‍ॅल्युमिनियमने जस्ताबरोबर स्पिनेल नावाचे तसेच ऑक्साइड बनवले तरी १५ किलो अ‍ॅल्युमिनियमला १८ किलो जस्त. दोन्ही मिळून तेहेतीस किलो, तेही सगळेच्या सगळे बांधले गेले असे धरून. पहिल्या अविद्राव्य गाळात, सुका साडेतीनशे किलो आणि ओलावा ४० टक्के असा धरला तर, न धुतल्यामुळे आणखी वीस-बावीस किलो जाते. या तिन्हींची बेरीज नव्वदच्या आत येते. बाकीचे चाळीस-पंचेचाळीस किलो दोन ठिकाणी शोधा: न दळलेल्या पितळेच्या कणांत आणि चुन्याची पुडी पडते तिथे पीएच एकदम चढून पडणाऱ्या बेसिक झिंक सल्फेटमध्ये. म्हणून सांगतो, टाकीत तुमचे फार कमी हरवते, बहुतेक सगळे प्रेसच्या कापडावर आणि चाळणीखाली जाते.

आता राखेच्या तयारीकडे येऊ, कारण तिथे सर्वांत स्वस्तात सुधारणा होते. बॉल मिलमध्ये दळल्यावर पितळ चपटे होते आणि ऑक्साइडची भुकटी होते. ६० मेशच्या (इंचाला ६० भोकांच्या) चाळणीवर जे राहते ते जवळपास धातूच असते. ते अ‍ॅसिडमध्ये घालू नका, फाउंड्रीला परत विका. पितळेतले जस्त अ‍ॅसिडला सहज सुटत नाही. चाळणीला भोक पडले की उतारा दोन-चार टक्क्यांनी गळतो आणि कारण कुणाला कळत नाही, म्हणून चाळणी रोज उजेडासमोर धरून बघावी. आणि रिपोर्ट चाळलेल्या राखेचा काढा, गोणीतल्या राखेचा नको. ४६ टक्क्यांत चाळणीवरच्या पितळेतले जस्त मोजले असेल तर तुमचा उताऱ्याचा हिशेब सुरुवातीलाच चुकला.

चाळलेली राख धुवायची असते. क्लोराइड फ्लक्समधून, म्हणजे धातू वितळवताना टाकलेल्या क्षारांतून, येते आणि त्याचा मोठा भाग बेसिक झिंक क्लोराइडच्या रूपात बसलेला असतो, तो साध्या पाण्याने निघत नाही. राखेच्या तिप्पट-चौपट पाणी, ६० अंशांच्या आसपास तापमान, सोडा अ‍ॅश घालून पीएच ८.५ ते ९, आणि तासभर ढवळणे. अमोनियाचा वास येईल, तो फ्लक्समधल्या नवसागराचा, म्हणून पंखा सुरू ठेवा. गाळून एकदा पाण्याने धुतल्यावर क्लोराइड ०.२ टक्क्यांच्या खाली यायला हवे. हा टप्पा टाळणाऱ्यांना वाटते की क्लोराइडचा त्रास फक्त स्टीलला. स्टेनलेसला खड्डे पडतात हे खरेच, पण तुमचे शिसे नापास होण्यातही त्याचा हात आहे. लेड सल्फेट सल्फेटच्या द्रावणात फारसे विरघळत नाही, क्लोराइड वाढले की विरघळते. शिसे गाळात बसवायचे असेल तर क्लोराइड आधी बाहेर काढा.

पहिला लीच. धुतलेली राख ३५०० लिटर पाण्यात घोळवा, टाकी वरून तीस टक्के रिकामी ठेवा, कारण सोड्याने धुतलेल्या राखेत कार्बोनेट असते आणि फेस चढतो. त्यात अ‍ॅसिड हळूहळू सोडा, चार-पाच तासांत, पीएच तीनच्या खाली जाऊ न देता. अ‍ॅसिडमध्ये राख टाकायची पद्धत उलटी आहे, तीत पहिले दोन तास सगळे द्रावण शून्याजवळच्या पीएचला उकळते, आणि लोह, सिलिका नेमकी तेव्हाच विरघळते. अ‍ॅसिड आणि झिंक ऑक्साइड यांच्या उष्णतेनेच टाकी ६०-७० अंशांपर्यंत जाते, वाफेची गरज सहसा पडत नाही. ८७० किलो अ‍ॅसिड मोजून वेगळ्या टाकीत ठेवा आणि ७५० किलो गेल्यावर वेग अर्धा करा. पीएच ३.५ वर अर्धा तास अ‍ॅसिड न घालता टिकला की थांबा, टाकीत अ‍ॅसिड शिल्लक असले तरी.

या टप्प्यात हवा फुंकू नका आणि पेरॉक्साइडला हात लावू नका. राखेत मोकळे जस्त असते, ते विरघळलेल्या तांब्याला परत धातू करून गाळात बसवते. क्युप्रस ऑक्साइड अ‍ॅसिडमध्ये अर्धे विरघळते आणि अर्धे तांबे म्हणून खाली राहते. हवा दिली तर हे सगळे तांबे उठून द्रावणात येते आणि पुढे ते काढायला जस्ताची पूड खर्च होते.

इथे थोडे थांबून वाचा. मोकळे जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिडमध्ये हायड्रोजन सोडतात. एक किलो जस्तामागे साधारण ३४० लिटर, आणि हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. टाकीवर झाकण असेल तर ओढणारा पंखा फ्लेमप्रूफच हवा, आणि शेजारी वेल्डिंग नको. याहून वाईट वायू म्हणजे आर्सिन. राखेत थोडेही आर्सेनिक असेल आणि जस्त अ‍ॅसिडमध्ये विरघळत असेल तर तो तयार होतो. कामाच्या जागी त्याची मर्यादा दहा लाख भागांत ०.०५ भाग आहे, ३ भाग म्हणजे जीवघेणा धोका. लसणासारखा वास साधारण ०.५ भागाला कळतो, म्हणजे वास आला तेव्हा मर्यादेच्या दहापट झालेला असतो. तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, काही तासांनी लघवी गडद लाल होते. असे कुणाला झाले तर घरी झोपवून ठेवू नका, थेट रुग्णालयात न्या आणि आर्सिनचा संशय आहे असे शब्द वापरून सांगा. प्रत्येक लॉटचे आर्सेनिक तपासल्याशिवाय राख घेऊ नये. टाकीजवळ आर्सिन मोजणारा डिटेक्टर आणि पर्मँगनेटचा स्क्रबर (वायू धुऊन काढणारे यंत्र) हा खर्च टाळण्यासारखा नाही. लीचिंगइतकाच धोका पुढे जस्ताची पूड टाकताना असतो, तिथे लोक निर्धास्त होतात.

लीच संपला की गाळा आणि केक, म्हणजे प्रेसमध्ये राहिलेली गाळाची वडी, प्रेसमध्येच धुवा. केकमध्ये जेवढे द्रावण अडकले त्याच्या अडीचपट पाणी, दोन हप्त्यांत. ते धुवणीचे पाणी फेकायचे नाही, पुढच्या बॅचच्या पाण्यात मिसळायचे. म्हणून घोळायचे पाणी चार हजारांऐवजी साडेतीन हजार सांगितले. केक धुतला की नाही हे रंगावरून ओळखू नका. धुवणीच्या शेवटच्या पाण्याची घनता बघा, १.०२ च्या खाली आली पाहिजे.

या केकमध्ये आता शिसे, सिलिका आणि तांब्याचा मोठा भाग आहे. त्याचे दोन रस्ते. एक, तांबे असलेला गाळ म्हणून अधिकृत रीसायकलरला द्या. दुसरा, पाच-सहा बॅचचा केक साठवून स्वतः तांबे काढा: अ‍ॅसिड आणि ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड. हिशेबाने एक किलो तांब्याला पेरॉक्साइड १.०७ किलो लागते, प्रत्यक्षात दुप्पट धरा, कारण तांब्यावर ते आपोआप फुटते. तापमान ५० अंशांखाली ठेवा, त्याच्या वर पेरॉक्साइड नुसता फेस होऊन जातो. एक किलो तांब्यामागे ३.९ किलो मोरचूद मिळते. महिन्याला तीस-चाळीस टनांहून कमी राख असेल तर मी पहिलाच रस्ता घेण्याचा सल्ला देईन. दोन माल सांभाळण्यात दोन्हींचा दर्जा जातो.

द्रावणात राहिलेले तांबे. बाजारात सगळे सांगतील की लोखंडाचा भंगार टाका, स्वस्त पडतो. तांब्याच्या खाणीतल्या द्रावणासाठी ते ठीक आहे, जस्ताच्या द्रावणासाठी नाही. एक किलो तांबे पाडताना ०.८८ किलो लोह द्रावणात जाते, आणि ते परत बाहेर काढायला पेरॉक्साइड, तटस्थ करणारा माल आणि नवा गाळ. जस्ताची पूड एक किलो तांब्याला १.०३ किलो लागते, १.२ धरा, पण ती हरवत नाही. तिचे जस्त सल्फेट होऊन मालातच विकले जाते, दर किलो जस्तामागे ४.४ किलो खडे. पीएच ३ ते ४, तापमान ५०-६०, पाऊण तास जोरात ढवळणे आणि लगेच गाळणे. निळी झाक गेली म्हणजे काम झाले असे समजू नका. थोडे द्रावण परीक्षानळीत घेऊन त्यात अमोनिया जास्त घाला. निळे झाले तर तांबे अजून आहे.

मग लोह, आणि क्रम असाच का ते बघा. तांबे असताना पेरॉक्साइड घातले तर ते तांब्यावर वाया जाते. तांबे गेल्यावर द्रावणात जे लोह आहे ते बहुतेक फेरस आहे (ऑक्सिडेशन झाले की तेच फेरिक होते), आणि फेरस लोह पीएच ५ ला पडत नाही. तुमचा माल पिवळा पडतो त्याचे कारण हे: चुन्याने पीएच ५ केला, फेरिक गेले, फेरस पुढे निघून गेले, आणि खडे हवेत वाळताना ते फेरिक होऊन पिवळे पडले. पीएच कितीही चढवून उपयोग नाही, आधी जस्त पडेल. आधी ऑक्सिडेशन, मग पीएच. एक किलो लोहाला ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड ०.६१ किलो, व्यवहारात एक किलो. द्रावण ७० अंशांवर ठेवा, पेरॉक्साइड बारीक धारेने दोन तासांत सोडा, आणि पीएच ३.५ ते ४ च्या मध्ये धरून ठेवा. लोह पडताना अ‍ॅसिड सुटते, त्यासाठी एक किलो लोहामागे दीड किलो झिंक ऑक्साइड किंवा झिंक कार्बोनेटचा घोळ लागतो. चुना नाही. गरम द्रावणात हळू पडलेले लोह दाणेदार असते आणि प्रेसमधून वाळूसारखे गळते. थंड द्रावणात एकदम पीएच चढवून पडलेले लोह जेलीसारखे, आणि प्रेस तुंबण्याचे तुमचे दुसरे कारण तेच. शेवटी पीएच ४.५ ते ४.८ ला नेऊन अर्धा तास ठेवा.

लोह अगदीच कमी असले तर खूश होऊ नका. आर्सेनिक द्रावणातून जाते ते लोहाच्या गाळावर बसून. आर्सेनिकच्या निदान दहापट लोह नसेल तर थोडे फेरस सल्फेट मुद्दाम घालून पाडावे लागते.

तपासायला चार-पाच मिली थंड द्रावणात पेरॉक्साइडचा एक थेंब टाका आणि नंतर अमोनियम थायोसायनेट. लाल झाले तर फेरस शिल्लक आहे. पीएच कागदाने बघू नका, गरम घट्ट द्रावणात तो अर्ध्या-पाऊण अंकाने फसवतो. नमुना ३० अंशांपर्यंत थंड करून मीटरने मोजा आणि इलेक्ट्रोड रोज पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये धुवा, नाहीतर त्यावर लोहाचा थर बसतो.

कॅडमियमसाठी पुन्हा जस्ताची पूड, पण बेताने. एक किलो कॅडमियमला हिशेबाने ०.५८ किलो, प्रत्यक्षात दोन-तीन पट. पीएच ४.५ ते ५, तापमान ५० ते ५५. इथे दोन चुका नेहमी होतात. तापमान ७० च्या वर गेले की पडलेले कॅडमियम परत विरघळते, आणि पूड टाकून रात्रभर ठेवले तरी तेच. पूड टाकल्यापासून तासाच्या आत प्रेस सुरू झाला पाहिजे. खत नियंत्रण आदेशात हेप्टाहायड्रेटला (सात पाण्याच्या झिंक सल्फेटला) जस्त किमान २१ टक्के, शिसे कमाल ०.००३ टक्के आणि कॅडमियम ०.००२५ टक्के सांगितले आहे. लिटरला १०५ ग्रॅम जस्ताच्या द्रावणातून साधारण ४६० ग्रॅम खडे पडतात, तेव्हा द्रावणात शिसे आणि कॅडमियम दोन्ही लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली असतील तरच पुढे जा. खडे पडल्यावर तपासणे म्हणजे उशीर झाला. शिसे या आकड्याच्या थोडेच वर असेल तर ते बहुधा विरघळलेले नाही, कापडातून निसटलेले बारीक कण आहेत. एक रात्र शांत ठेवून, म्हणजे पूड गाळून काढल्यानंतर, कार्ट्रिज फिल्टरमधून सोडा.

चुना पूर्ण बंद झाला की आणखी एक फायदा दिसेल. बाष्पीभवनाच्या कॉइलवर जिप्समचा पांढरा थर बसायचा थांबेल आणि पाण्यात न विरघळणारा भागही कमी होईल.

खड्यांबद्दल बडोद्यापुरते एक. सात पाण्याचे झिंक सल्फेट ३९ अंशांखालीच स्थिर आहे, त्याच्या वर सहा पाण्याचे पडते. मे महिन्यात इथे दुपारची हवा चाळिशीच्या वर असते, उघड्या परातींतला माल ३९ खाली येतच नाही. मग गोणीत ढेकळे होतात आणि लोक वाळवणाला दोष देतात. मार्च ते जूनमध्ये थंड पाण्याचे जॅकेट असलेला क्रिस्टलायझर वापरा, किंवा निदान परात संध्याकाळी भरून पहाटे उपसा.

मदर लिकर, म्हणजे खडे पडल्यावर उरलेले द्रावण, अनंतकाळ फिरवता येत नाही. मॅग्नेशियम, मँगनीज आणि सोडियम त्यात साठत जातात. दहावा भाग दरवेळी बाजूला काढा, सोडा अ‍ॅशने पीएच ८.५ ते ९ करून झिंक कार्बोनेट पाडा आणि नीट धुवा. लोहाच्या टप्प्यावर पीएच धरायला जो माल लागतो तो हाच, विकत आणायची गरज नाही. मागे राहिलेले पाणी आणि क्लोराइडची धुवण दोन्ही खारट असतात. जस्त ५, तांबे ३ आणि शिसे ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही सर्वसाधारण मर्यादा पाळली तरी क्षार राहतात. तुमच्या संमतिपत्रात कमी आकडा असेल तर तोच धरा. बडोद्याचे औद्योगिक सांडपाणी वाहून नेणारी एफ्लुएंट चॅनेल शेतांच्या कडेने खंभातच्या आखाताकडे जाते, हे टाकीचा कॉक उघडताना लक्षात असू द्या.

कागदपत्रांत पितळी राख आणि जस्ताची राख २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. राख घेण्यासाठी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृतता लागते, प्रत्येक गाडीला मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीचा नोंदपत्रक) लागते, आणि शिशाचा गाळ सहसा ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही. वर केक साठवायला सांगितले ते या मुदतीच्या आत.

एकदम सगळे बदलू नका. पहिल्या बॅचला फक्त दोन गोष्टी करा: अ‍ॅसिड राखेच्या घोळात सोडणे आणि केक धुणे. धुतलेल्या सुक्या केकमधले पाण्यात विरघळणारे जस्त आणि एकूण जस्त असे दोन आकडे वेगवेगळे काढा. पहिला जास्त असेल तर धुणे कमी पडले. दुसरा एकटा जास्त असेल तर चाळणी बघा, आणि मगच फेराइटचा विचार करा.